वय झालं म्हणून?

गेली सहा वर्षं आमच्या गटातल्या आम्ही चौघीजणी महिन्यातले दोन शनिवार एका वृद्धाश्रमात जातो. आमच्या सल्ला केंद्रात पोटगीचं एक प्रकरण होतं, त्यातल्या बाईंना मुलांनी तिथे ठेवलं होतं, त्या निमित्तानं जाणं सुरू झालं. प्रकरण मिटलं, जाणं थांबलं नाही. आश्रम तसा बरा आहे. चाळीसेक माणसं, त्यात तीसच्या आसपास बायका. जेवण वेळेवर मिळतं, चादरी धुतलेल्या असतात, आठवड्यातून एकदा डॉक्टर येऊन रक्तदाब तपासून जातात. तरीही तिथे अशा बायका आहेत ज्या दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात. ताटातलं अर्धं अन्न परत जातं. केस विंचरायचे राहून जातात. विचारलं तर व्यवस्थापक बाई, डॉक्टर आणि भेटायला आलेला मुलगा, तिघंही एकच उत्तर देतात, "वय झालं हो आता त्यांचं."

ह्या लेखात मला ह्या उत्तराशी भांडायचं आहे. आश्रमातल्या बाईची ही उदासी पुष्कळदा नैराश्याचा आजार असतो. तो सत्तरीतही बरा होतो आणि पंच्याऐंशीतही. त्यावर नीट उपचार मिळणं हा तिचा हक्क आहे. आणि हे काम नुसतं डॉक्टरांवर किंवा आश्रमाच्या विश्वस्तांवर सोडून भागणार नाही, आपल्या संघटनांनी त्यात पडलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

मोजलंच जात नाही

आपल्या देशात वयस्कांच्या तब्येतीचं एक मोठं सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झालं. 'लासी' ह्या नावानं ते ओळखलं जातं, अहवाल २०२१ च्या जानेवारीत आला. साठीच्या पुढच्या लोकांना ठरावीक प्रश्न विचारून पाहिलं तेव्हा ८.३ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं सापडली. पण 'डॉक्टरांनी मला नैराश्य असल्याचं सांगितलं आहे' असं म्हणणारे होते फक्त ०.८ टक्के. म्हणजे दहा आजारी माणसांतल्या जेमतेम एकाला आपल्याला काय झालंय ते कुणी सांगितलेलं. उरलेल्या नऊजणांना काय सांगितलं असेल? वय झालं.

शिवाय हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन केलेलं. वृद्धाश्रमातली माणसं त्यात धरलेली नाहीत. संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांमध्ये नैराश्याचं प्रमाण घरी राहणाऱ्यांपेक्षा जास्त असतं, असं जगभरचे अभ्यास सांगतात. बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त असतं, हेही. म्हणजे जिथे हा आजार सगळ्यात जास्त असणार, तिथेच तो मोजायला कुणी जात नाही.

बाई तिथे पोचते कशी

आश्रमात बायका जास्त का, ह्याचं उत्तर साधं आहे. बायका जास्त जगतात आणि त्यांची लग्नं आपल्याहून पाच-दहा वर्षांनी मोठ्या पुरुषांशी लावलेली असतात. नवऱ्याचं शेवटचं आजारपण बाई काढते. तिचं आजारपण काढायला नवरा नसतो.

दुसरं कारण कमी बोललं जातं, ते मालमत्तेचं. आज ज्या पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत त्यांची लग्नं साठ-सत्तरच्या दशकांत झाली. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला खरा, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं गेली. तोवर ह्या बायकांनी भावांना हक्कसोडपत्रं लिहून दिलेली होती. नवऱ्यामागे घर नावावर झालं तर तेही पुष्कळजणींनी मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. आश्रमातले आजोबा बहुधा स्वतःच्या पेन्शनमधून महिन्याचे पैसे भरतात. आजींचे पैसे मुलगा भरतो. पैसे भरणाऱ्याचा शब्द चालतो. खोली कुठली, बाहेर पाठवायचं की नाही, डॉक्टर कुठले, सगळं फोनवर मुलाला विचारून ठरतं. ज्या आश्रमात पैसे घेत नाहीत तिथे तर विचारणारंही कुणी नसतं, तिथे विश्वस्त ठरवतील ते.

घर गेलं, नवरा गेला, हातातलं काम गेलं, आणि आता आपल्याबद्दलचा साधा निर्णयही आपला नाही. अशा बाईला उदास वाटलं तर त्यात नवल काय, असं कुणी म्हणेल. मी म्हणते, नवल नाहीच. पण पाय घसरून हाड मोडलं तर 'फरशी ओली होती, नवल काय' म्हणून आपण प्लास्टर घालायचं सोडतो का? कारण समजलं म्हणून आजार कमी होत नाही. फरशीही पुसायला हवी आणि हाडही जोडायला हवं.

तिची भाषा

'मला नैराश्य आलंय' असं कुठलीही आजी म्हणत नाही. 'करमत नाही' म्हणते. 'घास उतरत नाही', 'अन्नाला चव नाही', 'पाय ओढतात', 'डोकं जड झालंय', 'पहाटे तीनला जाग येते ती येतेच' असं म्हणते. अंगदुखी, बद्धकोष्ठ, छातीत धडधड ह्या तक्रारी घेऊन ती दर आठवड्याला डॉक्टरांसमोर बसते आणि डॉक्टर दर आठवड्याला एक गोळी वाढवतात. तिनं आयुष्यभर मनाची तक्रार केली नाही, कारण तिच्या घरात ती कुणी ऐकून घेत नव्हतं. शरीराची तक्रार निदान औषधापुरती तरी ऐकली जायची. ती सवय आश्रमातही तिच्याबरोबर येते.

एक वाक्य मात्र सगळ्याच बोलतात, "देवानं आता न्यावं." हे वाक्य इतकं रुळलेलं आहे की कुणी दचकत नाही. पुष्कळदा ते नुसतं बोलणंच असतं. पण दरवेळी नसतं. आम्ही जातो तिथल्या एका आजींनी एका चातुर्मासात आठवड्यातले चार दिवस उपवास धरले. सगळ्यांनी भक्तीचं कौतुक केलं. मग मधुमेहाच्या गोळ्या उशीखाली सापडल्या. तेव्हा कुठे ध्यानात आलं की ह्या बाई हळूहळू स्वतःला संपवत आणताहेत. वृद्ध माणसं दरवेळी दोर किंवा औषधाची बाटली शोधत नाहीत. जेवण सोडतात, गोळ्या सोडतात, पाणी कमी करतात. म्हणून 'न्यावं' म्हणणाऱ्या बाईला शांतपणे, एकटीला बसवून, सरळ विचारलं पाहिजे: जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलंय का? असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून बाईला हायसं वाटतं.

नैराश्य ओळखण्यासाठी वृद्धांकरता खास प्रश्नावली आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तीस प्रश्नांची तयार झाली, पुढे १९८६ साली पंधरा प्रश्नांची छोटी आली. उत्तरं फक्त 'हो' किंवा 'नाही', त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही विचारता येतात. ती निदान करत नाही, कुणाला डॉक्टरकडे न्यायला हवं एवढं दाखवते. पण ती वापरतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. बाहेर जाऊन काही नवं करण्यापेक्षा तुम्हाला घरातच राहणं आवडतं का, अशा अर्थाचा एक प्रश्न त्यात आहे. फाटकाला कुलूप असलेल्या आश्रमात ह्याचं उत्तर बाईनं काय द्यायचं? आवडीची कामं सोडून दिलीत का, असाही एक प्रश्न आहे. सोडली कुणी, तिनं की तिच्याकडून काढून घेतली? उत्तराच्या चौकटीत खूण करताना हा प्रश्न आपण आपल्या वहीत वेगळा लिहून ठेवावा. स्मृतिभ्रंश झालेल्या बाईला ही प्रश्नावली पुरत नाही. तिच्याबाबत तिला रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींनाही विचारावं लागतं.

आपली अडचण

आता थोडं आपल्याविषयी. मनाच्या आजाराचं नाव निघालं की आपण कार्यकर्त्या सावध होतो, आणि त्याला सबळ कारण आहे. नकोशी झालेली बायको 'वेडी' ठरवून घटस्फोट मागणारे नवरे आपण कोर्टात पाहिले. मारहाणीनं खचलेल्या बाईला गोळ्या देऊन त्याच घरात परत पाठवणारे डॉक्टर पाहिले. मनोरुग्णालयात सोडून दिलेल्या, बऱ्या होऊनही घरी न नेलेल्या बायका पाहिल्या. पुण्याच्या भार्गवी दवर ह्यांनी १९९९ साली भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहून हा विषय स्त्रीवादी चर्चेत आणला. बाईच्या दुःखाला आजार म्हणून तिची तक्रार गप्प करू नका, हे आपण शिकलो. ते सोडायची गरज नाही.

पण आश्रमात चित्र उलटं आहे. तिथे बाईला आजारी ठरवायची कुणाला घाई नाही. तिथे तिला 'म्हातारी' ठरवलं की काम भागतं. म्हणून 'हे सामाजिक आहे, गोळ्यांनी काय होणार' असं आपण म्हणालो तर ते त्या 'वय झालं' म्हणणाऱ्यांच्याच पथ्यावर पडतं. तरुण बाईला बळेच गोळ्या देण्याला विरोध आणि म्हाताऱ्या बाईला उपचार मिळावेत म्हणून आग्रह, ह्या दोन्हींमागे एकच मागणी आहे. बाईचं म्हणणं ऐका आणि तिला विचारून तिच्यावर उपचार करा.

उपचार म्हणजे नेमकं काय

सगळ्यात आधी शरीर तपासायचं. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं, बी-१२ कमी पडलं तर माणूस सुस्त आणि उदास दिसतो. ह्या रक्ताच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात होऊ शकतात. दुखणारे गुडघे, ऐकू न येणारे कान, मोतीबिंदू ह्यांनीही बाई माणसांतून उठते. ऐकू येत नाही म्हणून गप्प बसणारी बाई आणि बोलावंसं वाटत नाही म्हणून गप्प बसणारी बाई लांबून सारख्याच दिसतात. विसराळूपणाचंही तसंच. नैराश्यानं लक्ष लागत नाही, नावं आठवत नाहीत, आणि घरचे स्मृतिभ्रंश म्हणून मोकळे होतात. ह्यातला काही विसराळूपणा नैराश्य उतरलं की कमी होतो. म्हणून ते वेळेत ओळखणं महत्त्वाचं.

दुसरं, बोलणं. हे 'आनंदी राहा, नामस्मरण करा' असं सांगणं नव्हे. बाईच्या मागे लागलेल्या एकेका अडचणीला नाव द्यायचं, त्यातली कुठली आपल्या हातात आहे ते तिच्याबरोबर बघायचं, छोटं पाऊल ठरवायचं आणि पुढच्या वेळी त्याबद्दल विचारायचं. गोव्यात साठीपुढच्या १८१ जणांबरोबर असं काम झालं, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ह्या लोकांना सौम्य लक्षणं होती, पुरता आजार नव्हता, आणि ती आपापल्या घरी राहणारी होती, आश्रमात नव्हे. निम्म्यांना नेहमीची देखभाल मिळाली. उरलेल्यांना अडचणी सोडवायला शिकवणं, झोपेच्या सवयी सुधारणं, मधुमेहासारख्या दुखण्यांची काळजी आणि सरकारी योजना मिळवून देणं अशी मदत मिळाली. वर्षभरात मदत मिळालेल्या ९१ जणांपैकी ४ जणांना नैराश्याचा आजार झाला, दुसऱ्या गटातल्या ९० पैकी १३ जणांना. ही मदत देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. सल्ला केंद्र चालवणाऱ्या आपल्या मैत्रिणींना हे वाचून काय वाटतं बघा. निराधार योजनेचा अर्ज भरून देणं हाही उपचाराचाच भाग होता! आपण हे काम वर्षानुवर्षं करत आलोय, त्याला उपचार म्हणत नव्हतो एवढंच.

तिसरं, औषध. मध्यम आणि तीव्र नैराश्यात ते लागतं आणि त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पण कुठलं औषध, हे बघायला हवं. आश्रमांमध्ये सर्रास दिली जाते ती झोपेची, शांत करणारी गोळी: अल्प्राझोलाम, लोराझेपाम ह्या जातीची. ती नैराश्य बरं करत नाही. माणूस गुंगीत राहतो, रात्री लघवीला उठताना पडतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि सवयही लागते. रात्रपाळीला एकच मावशी असलेल्या आश्रमाची मात्र ह्या गोळीनं सोय होते. नैराश्यावरची खरी औषधं वेगळी आहेत, सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रामसारखी. ती वृद्धांना कमी मात्रेत सुरू करतात. गुण यायला चार-सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. ह्या औषधांनी वृद्ध माणसाच्या रक्तातलं सोडियम कमी होऊ शकतं, त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते तपासावं लागतं. गोंधळल्यासारखं वागणं, तोल जाणं दिसलं तर लगेच. बरं वाटायला लागल्यावर आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, पुढे निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात. अॅमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं स्वस्त आहेत, पण म्हातारपणी त्यांनी बद्धकोष्ठ, लघवी अडणं, गोंधळ वाढू शकतो. ही माहिती डॉक्टरकीसाठी सांगत नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, उरलेले सहा दिवस लक्ष ठेवणाऱ्या बायकांना ती हवी म्हणून सांगते.

जेवणखाण पूर्ण बंद झालेल्या, जिवावर बेतलेल्या माणसाला कधी कधी विजेचे उपचारही द्यावे लागतात. त्यांचं नाव काढलं की अंगावर काटा येतो. पण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ते देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं बंद केलेलं आहे, आणि नीट दिले तर वृद्धांमध्ये त्यांचा गुण चांगला येतो. इथेही तिची संमती आणि तिला समजेल अशी माहिती, ही अट सोडायची नाही.

काम आणि अधिकार

आश्रमात करमणूक असते. भजनी मंडळ येतं, शाळेची मुलं नाच करून जातात, वाढदिवसाचा केक कापला जातो. आजी टाळ्या वाजवतात. बायकांना आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबवलं आणि आता एकदम बसवून ठेवलं. 'आराम करा' हे प्रेमानं सांगितलं जातं, पण पन्नास वर्षं सकाळी सहाला चूल पेटवणाऱ्या बाईला त्या आरामात आपण निरुपयोगी झालो एवढंच ऐकू येतं.

१९७६ साली एलेन लँगर आणि जुडिथ रॉडिन ह्या दोघींनी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात एका वृद्धगृहात एक प्रयोग केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की आपली खोली कशी लावायची, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा हे तुम्ही ठरवा, आणि एक रोपटं दिलं, त्याची निगा तुम्ही राखायची. दुसऱ्या मजल्यावर तसंच रोपटं दिलं, पण पाणी नर्स घालणार, आणि तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ असं सांगितलं. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि आनंदी होती. प्रयोग छोटा होता, त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण आपल्याला त्यातली गोष्ट ओळखीची वाटते. काळजी घेणं वेगळं आणि अधिकार काढून घेणं वेगळं.

आपल्याकडे ह्यासाठी परदेशात जायचीही गरज नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती सदन उभं केलं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला. त्या बहुतेक तरुण बायका होत्या, हे मान्य. पण घरानं टाकलेल्या बाईला आश्रमात नुसतं जेवू घालून भागत नाही, हे त्या पिढीला कळलं होतं. केडगावला छापखाना होता, विणकाम होतं, शेती होती. हिंगण्याला बायका शिकून शिक्षिका झाल्या. तोच 'आश्रम' शब्द आपण आज वापरतो, त्यातलं शिकणं आणि काम तेवढं गळून गेलंय.

आम्ही जातो तिथे दोन गोष्टी करून पाहिल्या. एक, भाजी निवडणं, मेथी खुडणं, पोळ्यांना तूप लावणं ही कामं ज्यांना हवी त्यांना करू द्यायची, आणि कुणी 'आज नाही' म्हटलं तर ते ऐकायचं. दुसरी, ओव्या. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर ह्यांनी खेड्यापाड्यांत फिरून बायकांच्या जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या, हे आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. त्यावरून आम्ही आजींना तुमच्या आईच्या ओव्या सांगा म्हटलं. महिनाभर कुणाशी न बोललेल्या एका आजी दुसरीला मध्येच तोडून म्हणाल्या, "अगं, तसं नाही ते, आमच्याकडे वेगळं म्हणतात." लिहून घ्यायला आम्ही, सांगायला त्या, चुका काढायलाही त्याच. ओवीनं नैराश्य बरं होतं, असा माझा दावा नाही. त्या आजींना औषधही चालू होतं. दोन्ही मिळून त्या उठून बसल्या.

सांभाळणाऱ्या बायका

आश्रमातल्या मावशींबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अंघोळ घालणं, मलमूत्र काढणं, भरवणं, उचलून बसवणं हे सगळं त्या करतात. बहुतेकजणी टाकलेल्या किंवा विधवा, पगार तुटपुंजा, सुट्टी नाही, पाठ गेलेली. बाई बोलत नाही, जेवत नाही, रात्री रडते हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं. पण त्यांचं म्हणणं कुठल्या वहीत नोंदवलं जात नाही. वृद्ध बाईचा हक्क आणि तिला सांभाळणाऱ्या बाईचा हक्क एकमेकींविरुद्ध उभे करू नयेत. बारा तासांची पाळी करून दमलेली मावशी कुणाचं ऐकत बसणार? आठ तासांची पाळी, किमान वेतन आणि चार दिवसांचं प्रशिक्षण हा नैराश्याच्या उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

कायदा आहे, पण

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला. दर जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांना सामावणारा आश्रम राज्य सरकार काढू 'शकेल', असं त्यात आहे. काढलंच पाहिजे, असं नाही. आश्रमांची नोंदणी आणि किमान निकष ह्यासाठी २०१९ साली लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं. ती लोकसभा २०२४ मध्ये संपली तोवर ते संमत झालं नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा मात्र २०१८ च्या मेपासून लागू आहे. सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क त्यानं प्रत्येकाला दिला. आपल्या वतीनं बोलणारी व्यक्ती आपण नेमायची, हाही हक्क दिला. ती व्यक्ती मुलगाच असली पाहिजे, असं कुठेही नाही. मैत्रीण चालते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं, तिला गुन्हेगार म्हणून शिक्षा करायची नाही, हेही त्यात आहे. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी फोन आहे आणि १४५६७ ज्येष्ठांसाठीचा. पण आश्रमातला फोन कार्यालयात, व्यवस्थापकांच्या टेबलावर असतो. तिथून कुणी आपलं दुःख सांगेल का?

तेव्हा काही मागण्या आणि काही कामं सुचवते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकानं जिल्ह्यातल्या प्रत्येक आश्रमात ठरल्या तारखेला गेलं पाहिजे, ह्यासाठी सिव्हिल सर्जनकडे लेखी पाठपुरावा करायचा. आश्रमात आल्यावर महिन्याभरात आणि नंतर दर सहा महिन्यांनी प्रत्येकीची तपासणी व्हावी. पहिले महिने सगळ्यात अवघड असतात. झोपेच्या गोळ्या कुणाला, किती दिवस, कशासाठी, ह्याची वही ठेवावी आणि ती बाहेरच्या डॉक्टरांनी बघावी. औषध सुरू करताना बाईला विचारावं, मुलाला कळवणं नंतर. आश्रमाच्या समितीत तिथे राहणाऱ्या दोन बायका असाव्यात. फोन एकांतात करता यावा. आणि आपल्या प्रत्येक गटानं जवळचा एक आश्रम धरावा, महिन्यातून दोनदा जावं, फळं वाटायला नव्हे, बसायला आणि ऐकायला.

'आधीच एवढी कामं, त्यात हे कुठे', असं बैठकीत म्हटलं जाईल. मारहाणीची प्रकरणं थांबत नाहीत, हे खरंच आहे. पण मैत्रिणींनो, ७२-७३च्या महागाईविरोधी मोर्चांत मृणालताई आणि अहिल्याताईंच्या मागे लाटणी घेऊन निघालेल्या पोरी आज पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत. पंच्याहत्तर सालानंतर चळवळीत आलेल्या सत्तरीला टेकल्या. त्यांतल्या कितीतरी एकट्या आहेत, काहीजणी लग्न न करता राहिल्या, काहींची मुलं परदेशात आहेत. आश्रमातली बाई म्हणजे कुणीतरी दुसरी, असं समजायला आता फारशी जागा नाही. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाच्या तालुक्यात किती आश्रम आहेत, त्यात किती बायका आहेत, मानसोपचारतज्ज्ञ शेवटचे कधी येऊन गेले, एवढी तीन प्रश्नांची माहिती जमवून ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. तेवढ्यावरून जिल्ह्याच्या ठिकाणी निवेदन द्यायला सुरुवात करता येईल.